पडक्या शहरात न दिलेली ओळख

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुमच्या मासिकात लोक आपापले अनुभव लिहितात, ते मी महाडच्या माझ्या खाणावळीत गिऱ्हाइकं जेवून गेली की वाचत बसतो. पुष्कळदा हसतोसुद्धा. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. पण एक गोष्ट माझ्या देखत घडली आहे, आणि ती सांगायची तर माझीच अब्रू जाणार आहे. जाऊ दे.

चौदा साली पेटलेली मोठी लढाई संपून सहा-सात वर्षं झाली असतील. मी तेव्हा मुंबईत गिरगावात एका बड्या कंत्राटदारांकडे स्वयंपाकी होतो. त्यांना सगळे नानासाहेब म्हणत. नानासाहेबांच्या डोक्यात आलं की विलायतेला काय सगळेच जातात, आपण भूमध्य समुद्राच्या काठाकाठानं जुनी पडकी शहरं बघू. मित्रमंडळींची पार्टी जमली, टूर ठरली. पण त्यांच्या बायकोला, माईसाहेबांना, परक्या हातचं अन्न चालेना, म्हणून मीही निघालो. हाताखाली माणूस हवा होता. मी माझ्या बायकोच्या धाकट्या भावाला, धोंडूला, घेतलं. आंबेनळी घाटाखालच्या वाडीत वाढलेला गडी. कधी समुद्र पाहिलेला नव्हता.

बायको, सगुणा, आम्हाला पोचवायला दासगावच्या बंदरापर्यंत आली होती.

"अवो, त्याला कुठं एकटा सोडू नका. भोळा हाय तो."

धोंडू मचव्यातून ओरडला, "गो ताय, मी काय पोर हाय? दाजींनाच सांभाळून आनतो बघ!"

"दोघं जाताय, दोघं या," ती म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली.

पोर्ट सैदला बोट बदलली आणि पुढे किनाऱ्यानं जात राहिलो. जिथं पडकं शहर असेल तिथं पार्टी उतरायची, गाईड त्यांना फिरवायचा, आणि तोवर आम्ही दोघं कुठल्या तरी भिंतीच्या आडोशाला दगडांची चूल मांडून जेवण करायचो. चूल पेटवायच्या आधी धोंडूचं एक ठरलेलं असे. आमच्या डोंगरवाड्यांत परक्या जागेत चूल मांडायची तर आधी त्या जागेच्या राखणदाराला नारळ देतात आणि आपण कोण, कुठले, ते सांगतात. त्याला आम्ही गाऱ्हाणं म्हणतो. धोंडूनं त्यासाठी नारळांचं पोतंच बरोबर घेतलं होतं. पागोटं सारखं करून तो हात जोडायचा :

"बा जागेवाल्या, आमी पोलादपूरची मान्सं. तुझी आमची वळख नाय. पोटासाठी तुझ्या भुईवर चूल मांडतोय. हे माझं दाजी, हा मी धोंडू, ती सावलीत बसल्यात ती आमची धनी मान्सं. आलोय तशी जाव दे रे बाबा."

"अरे, त्याला मराठी कळतं का?" मी एकदा विचारलं.

"देवाला काय शाळा लागते, दाजी?"

पार्टीतले लोक हसायचे. त्यांच्याबरोबर मीही हसायचो. मला लाज वाटायची त्याची, हे आता कबूल करतो.

ते ठिकाण त्रिपोलीच्या पूर्वेला, बंदरापासून मोटारींनी अर्ध्या दिवसावर. इटलीवाल्यांचा अंमल. वाळूत गडप झालेलं रोमन लोकांचं शहर तेव्हा उकरून काढत होते. फरसबंद रस्ते, खांबांच्या रांगा, आणि पलीकडे लगेच समुद्र. त्या दिवशी उत्खननावरचे एक इटालियन साहेब जेवायला येणार होते. माईसाहेबांनी आदल्या दिवशीच मला बजावलं होतं, "आपल्याकडची नारळाच्या रसातली आमटी झाली पाहिजे बरं का!"

पोत्यात एकच नारळ उरला होता. धोंडूनं तो फडक्यात बांधून आपल्या वळकटीत ठेवला होता.

मी तो सकाळी काढून घेतला.

मोटारीतून उतरल्यावर धोंडू वळकटी चाचपायला लागला. "दाजी, नारळ कुठाय?"

"तू सामान उतरवत होतास तेव्हा मी दिला," मी म्हणालो. "तिकडे, पाण्याच्या बाजूला. गाऱ्हाणंही घातलं."

"तुमी?" तो हसला. "माझं नाव घेतलंत न्हवं?"

"घेतलं रे बाबा, सगळ्यांची घेतली. जा, पाणी आण."

रॉकेलचा डबा डोक्यावर घेऊन तो विहिरीकडे गेला. तो दिसेनासा झाल्यावर मी चुलीसाठी धरलेल्या भिंतीआडच खवणी मांडली, नारळ फोडला आणि भराभरा खोवायला बसलो. ऐन दुपार. पार्टी दूर कमानीखाली आडवी झालेली. वारा पडलेला. खवणीचा आवाजही मला मोठा वाटत होता.

थोड्या वेळानं धोंडूची पावलं ऐकू आली. अनवाणी, जड. भिंतीच्या पलीकडच्या रस्त्यावरून तो येत होता. आणि मग कुणी तरी बोललं.

"कुठलं रे, पावनं?"

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. स्वच्छ आमच्याकडची बोली. गावच्या वेशीवर पारावर बसलेला म्हातारा परक्या माणसाला विचारतो, अगदी तस्सं. राग नव्हता त्यात. मला आधी भीती वाटलीच नाही, इतकं ते ओळखीचं होतं. मग ध्यानात आलं आपण कुठे आहोत ते... आणि हात खवणीवर थांबला.

धोंडू मात्र खुशीत म्हणाला, "पोलादपूरचं, बाबा. तुमी हिकडं कसं?"

आवाजानं पुन्हा विचारलं, "कुनाचा तू? सोबत कोन हाय?"

"माझं दाजी हायत ना, त्या भिंतीआड. त्यांना इचारा की." आणि त्यानं मला हाक मारली. "दाजी! ओ दाजी! ह्यांना सांगा जरा, मी कोन त्ये!"

माझ्या मांडीवर परात होती, परातीत खोबरं. हातांना खोबरं लागलेलं. बाहेर आलो असतो तर धोंडूनं ते पाहिलं असतं. बोललो असतो तर तो भिंतीला वळसा घालून आलाच असता. मी परातीवर फडकं टाकलं आणि श्वास रोखून बसून राहिलो. म्हटलं, जाईल पुढे.

"दाजी?" त्यानं पुन्हा हाक मारली. या वेळी जरा हळू. चारचौघांत तोंडघशी पडलेला माणूस मारेल, तशी.

मग म्हातारा म्हणाला, "बरं. चल तर."

एवढंच.

मी कितीसा वेळ थांबलो असेन? हात पुसले, खोबरं झाकलं आणि बाहेर आलो. रस्ता सरळ, दोन्ही टोकांपर्यंत दिसत होता. माणूस नव्हता. रस्त्याच्या मधोमध पाण्याचा डबा ठेवलेला, काठोकाठ भरलेला, आणि शेजारी त्याची चुंबळ. पाणी हिंदकळून डब्याच्या अंगावर ओघळसुद्धा आलेला नव्हता.

आमटी मी केली. वाढली. साहेबानं दोनदा मागून घेतली. "धोंडू कुठाय पाणी द्यायला?" म्हणून नानासाहेबांनी विचारलं तेव्हा कुठे मी तो दिसत नाही म्हणून सांगितलं. मग शोधाशोध झाली. मजूर विहिरीत उतरले, शिपायांनी किनारा पालथा घातला, नानासाहेबांनी त्रिपोलीत मुक्काम वाढवला. शेवटी सगळ्यांचं मत पडलं की पळाला असेल, बंदरात खलाशी पळतात तसा. त्या आवाजाबद्दल मी कुणाला काही बोललो नाही. नारळाबद्दल तर नाहीच.

परतीच्या सगळ्या प्रवासात मी एकच विचार करत होतो : सगुणेला काय सांगू? हरवला म्हटलं तर ती विचारणार, तुम्ही कुठे होता? पळाला म्हटलं तर ती मानणार नाही. आमच्या वाडीत पोचलो तेव्हा ती माझ्या पाठीमागे बघत उभी होती, भाऊ मागून येतोय का म्हणून. मी म्हणालो, "ताप भरला. बोटीवरच गेला. तिथंच समुद्राला दिला."

तापाला कुणी जाब विचारत नाही.

तिनं हंबरडा फोडला. रीतसर सगळं केलं मग. दहाव्याला सावित्री नदीच्या काठी पिंड मांडला. कावळे झाडावर बसून राहिले, खाली उतरले नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

ते आटोपल्यावर काही दिवसांनी आम्ही दोघं ओटीवर बसलो होतो. सगुणा पावटे सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "मला तवाच कळायला पायजे होतं. तो बाबा आला तवाच."

"कोण बाबा?"

"आपली गाय व्याली ना, त्या दुपारी. म्हातारा होता. पांढरं कापड आंगभर गुंडाळलेलं, पाय धुळीनं भरलेलं. काय बोलत व्हता देव जाणे, येक अक्षर कळंना. फकीर आसंल म्हटलं. पन मधीच 'धोंडू' म्हनला आनी माझ्याकडं बघत ऱ्हायला. इचारल्यासारखं."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, हां बाबा, भाव हाय माझा. आमचाच हाय त्यो. तसा हसला, मान डोलावली आनी गेला." तिनं पदरानं डोळे पुसले. "सांगावा घेऊन आला व्हता वो, मला मेलीला कळलंच नाय."

गाय कोणत्या दिवशी व्याली ते मी शेजाऱ्यांना विचारून घेतलं. धोंडू नाहीसा झाला तोच दिवस.

तिला वाटतं तो मरणाचा सांगावा होता. मला तसं वाटत नाही. मी तिथं जे सांगायला हवं होतं, तेच विचारायला तो इथवर आला होता. आणि तिनं सांगितलं होतं. ओळख दिली होती. मग तो हसून का गेला? धोंडूला सोडायला? आणि तसं असेल तर... त्यानंतर मी घरी येऊन तो मेला म्हणून सांगितलं, त्याचा पिंड घातला. जिवंत माणसाचा?

तुम्ही म्हणाल ऊन लागलं असेल, भास झाला असेल. फकीर दारोदार हिंडतच असतात, धोंडू नावाची माणसं काय थोडी आहेत? मीही स्वतःला हेच सांगत आलो. वर्षं गेली, माझे केस पिकले. या सगळ्याचा उलगडा मला झालेला नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही.

सगुणेला वाचता येत नाही. ती आत चुलीपाशी आहे, आणि मी काय लिहितोय म्हणून तिनं दोनदा विचारलं. मी हिशेब म्हणालो. तिचा भाऊ तापानं गेला नाही, त्यानं मला हाक मारली होती आणि मी ओ दिली नाही, हे तिला तोंडानं सांगणं माझ्याकडून बाकी आहे.