जोडीदार किती?

आलापल्लीच्या आमच्या आरा मशीनवर ओंडका एकट्याने चिरता येत नाही. एकजण अलीकडून ढकलतो, दुसरा पलीकडून ओढतो. त्या पलीकडच्याला आम्ही जोडीदार म्हणतो. कोणी कोणासोबत उभं राहायचं, ते सकाळी मिस्त्री सांगतो. म्हणून फोनवर तो प्रश्न आला तेव्हा माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही.

मी सिंदेवाहीकडचा. नववीतून शाळा सुटली, आणि गावात माझ्या चालण्याची नक्कल व्हायला लागली तसं गावही सोडलं. मशीनच्या आवाजात बोलावं लागत नाही, ते मला बरं पडतं. मला पुरुष आवडतात हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. फोनवर ओळख झालेल्या एका माणसाला चंद्रपूरच्या लॉजवर एकदाच भेटलो होतो. नंतर त्याने मला ब्लॉक केलं. महिनाभराने ताप आला. ताप उतरला, पण भीती उतरेना. घामोळं आलं तरी वाटायचं, हा एड्सच. इथल्या दवाखान्यात जावं, तर चिठ्ठी फाडणारा माणूस मिस्त्रीचा साळा.

ज्या ॲपवर तो माणूस भेटला, तिथेच एड्सच्या सल्ल्याची एक जाहिरात दिसली. नाव न सांगता, मराठीत, फुकट विचारा. दुपारच्या सुट्टीत भुशाच्या ढिगामागे बसून मी ‘नमस्कार’ टाकला. तिकडेही मशीनच होती, उत्तर लगेच आलं. वय विचारलं, जिल्हा विचारला. मग विचारलं, ‘मागील सहा महिन्यांत आपले किती जोडीदार होते?’

मी आठवून पाहिलं. ‘चार,’ मी लिहिलं. ‘एक तेलंगणात परत गेला.’

‘आपण प्रत्येक वेळी संरक्षण वापरता का?’

‘नाई. मालक हातमोजे देत नाई.’

पुढचं उत्तर आलं ते वेगळ्याच भाषेत. ‘भाऊ, आता मशीन नाई, मी माणूस लिहून राह्यलो. हातमोजे कायचे?’

‘आरा मशीनवरचे.’

‘अन् ते चार जण?’

‘ओंडके ओढतेत.’

तो हसला असेल तर मला कळू दिलं नाही. ‘चूक आमची हाय भाऊ,’ त्याने लिहिलं. ‘शहरात बसून लिहिलेला प्रश्न हाय तो. मी नीट विचारतो.’ आणि त्याने आपल्या बोलीत विचारलं, कोणासोबत झोपलो, कधी, कसं. मी लिहिलं, ‘एकच. माणूस होता. कंडोम नव्हता.’ एवढं लिहायला सुट्टी पुरली नाही. मिस्त्रीची हाक आल्यावर पाठवलं आणि कामाला उभा राहिलो.

संध्याकाळी उघडून पाहिलं तर त्याचं उत्तर पडलेलं होतं. ताप कशानेही येतो, तपासल्याशिवाय आपणच निकाल लावायचा नाही, चंद्रपूरला सरकारी तपासणी फुकट आहे, गावात कोणाला कळत नाही. शेवटी लिहिलं होतं, ‘घाबरून राह्यले असान तर लिहा. वाचतो मी.’

बाजाराच्या दिवशी मशीन बंद असते. मी धुतलेला, इस्तरी केलेला शर्ट घातला तर त्या दिवसांतला माझा जोडीदार म्हणाला, ‘काऊन बे, चंद्रपूरले पोरगी पाहाले चालला का?’

‘दात दाखवाले चाललो.’

‘दातासाठी एवढी इस्तरी?’

एसटीत मी मागच्या सीटवर बसलो. ओळखीचं कोणी चढेल म्हणून गोंडपिपरीपर्यंत तोंडाला दुपट्टा. तपासणीच्या खोलीतल्या बाईंनी विचारलं, ‘सोबत कोणी आलं नाई का भाऊ?’ मी नाही म्हटलं. रक्त दिलं. बाहेर बाकावर शेजारी एक गरोदर बाई होती, तिचा नवरा तिला पाण्याची बाटली उघडून देत होता. मी फोन काढून त्या उत्तर देणाऱ्या माणसाला लिहिलं, ‘बसलो हाय.’ तो म्हणाला, ‘मीबी बसलो हाय.’ रिपोर्ट हातात येईपर्यंत मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

निगेटिव्ह. बाईंनी सांगितलं, लवकर तपासलं आहे, तीन महिने झाले की एकदा परत या.

मी त्याला कळवलं. घरी फोन लावला. आईला म्हटलं, ‘तब्येत बरी हाय माही.’

‘तुले झालं काय होतं?’

‘काई नाई.’

‘मंग सांगून काऊन राह्यला?’

मी म्हटलं, असंच.

त्या उत्तर देणाऱ्या माणसाचं नाव मला माहीत नाही, त्याला माझं नाही. त्याचे उपकार कसे फेडावेत कळत नाही. मधल्या दिवसांत मी त्याला दोनतीनदा लिहिलं, घामोळ्याचं, पोटाचं. त्याने दरवेळी उत्तर दिलं. तीन महिन्यांनी परत गेलो. तोच रिपोर्ट.

‘लय छान भाऊ,’ त्याने लिहिलं. ‘आता भ्यायचं काई कारण नाई. कंडोम वापरत जा, अधूनमधून तपासत जा. काई त्रास झाला तर लिहा.’

मी ‘हो’ लिहिलं. त्या दिवशी मी खरंच सुटलो होतो, एसटीत झोपही लागली. आठवडाभराने दुपारी भुशामागे बसलो आणि त्याला लिहायला फोन काढला. काय त्रास होतोय म्हणून सांगावं, ते सुचेना. अंगावर कुठे काही नव्हतं. ‘जेवले का?’ लिहिलं, आणि पुसलं.