तांडेलीण

नातवंडांनो, आधी शब्दाचा अर्थ सांगते, म्हणजे पुढे अडणार नाही. होडी चालवतो तो तांडेल. त्याची बायको तांडेलीण. तिने होडीला कधी हात लावला नाही तरी तांडेलीणच. मी बारा वर्षांची होईपर्यंत हा अर्थ पक्का होता.

त्या सकाळी खाडीपलीकडच्या इंग्रजी शाळेत माझी प्रवेशपरीक्षा होती. ती चुकली असती तर घरात पुन्हा शाळेचं नाव निघालं नसतं. माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालंच होतं. वडील आणि मी धक्क्यावर पोहोचलो, तर सुकाणूपाशी तांडेलाची बायको बसलेली.

"तांडेल कुठे आहे?" एका छत्रीवाल्या काकांनी तिला विचारलं.

"घरान हाय. शिंगाला मासलीचा काटा लागलाय, हात नारलावानी सुजलाय."

"मग होडी कोण नेणार?"

"मी."

"तू? तू तर तांडेलीण."

"त्येच सांगतंय ना, काका."

धक्क्यावर हशा पिकला, पण चढलं कुणीच नाही. वडीलही घुटमळले. ओहोटी लागली की मधला वाळूचा दांडा वर येई आणि संध्याकाळपर्यंत होडी निघत नसे. मी वडिलांचा हात सोडला आणि होडीत उडी मारली.

"आली माजी पयली उतारू," ती म्हणाली. "आता बापाला बोलव."

वडील आले, मग काका, मग बाकीचे.

ऊन लागतं म्हणून काकांनी छत्री उघडली. "मिटा ती," तांडेलीण म्हणाली. "या होडीला येकच शीड पुरं हाय."

दांड्याजवळ काका "डावीकडे, डावीकडे" करू लागले. ती उजवीकडे वळली. डावीकडचं पाणी फिकट होतं, खाली जेमतेम गुडघाभर खोली. तुला कसं कळलं, असं मी विचारलं.

"धा वरसं मासली घेऊन हितंच बसतंय. डोले का घरी ठेवून येतंय?"

शाळेची घंटा झाली तेव्हा मी वर्गात बसलेली होते. परतीच्या होडीत काकांनी सुकाणूजवळची जागा आधीच धरली होती, मांडीवर मिटलेली छत्री.

पुढे मी त्याच शाळेत शिकवू लागले. तुमचे आजोबा पोस्टात कारकून. एकदा एक गृहस्थ मुलाची वही घेऊन आमच्या घराच्या दारात आले आणि म्हणाले, "मास्तरांना भेटायचंय."

"या, बसा."

"पण तुम्ही तर मास्तरीण."

"तेच सांगतेय ना, काका."