शेवटी कोण पळणार

बारामतीत मला अजून कुणी ना कुणी विचारतंच, तुम्ही तिच्याबरोबर पळायचा ना हो? तिच्याबरोबर म्हणे! जणू मी तिच्या चपला सांभाळायला जायची. ती पुढं देशासाठी पळाली, पदकं आणली, मोठ्या नोकरीला लागली, सगळं कबूल. पण शाळेत आम्ही चौघी पळायचो, चार गुणिले शंभर मीटर रिले, आणि तिच्या हातात बॅटन यायचं ते माझ्या हातातून यायचं. हे सांगायला गेलं की लोकांना वाटतं, बाई जळते. जळते तर जळते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

मी कळंबची. इंदापूर तालुक्याच्या स्पर्धेत माझ्यापुढं कुणी नसायचं. वासरात लंगडी गाय शहाणी, हे मला बारामतीला मावशीकडं शिकायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. शाळेच्या मैदानावर पिंपळीची एक पोरगी पळत होती. खेळाचे सर सगळ्यांना गावाच्या नावानंच हाक मारायचे, म्हणून ती पिंपळी आणि मी कळंब. माझे पाय धपधप वाजायचे, पिंपळीच्या पायांचा आवाजच यायचा नाही. सरांनी आम्हाला शेजारी शेजारी पळवून बघितलं आणि ठरवून टाकलं. कळंब तिसरी, पिंपळी शेवटची.

आता तिसरीचं दुःख ऐका. तिसरी पळते वळणावर, मैदानाच्या लांबच्या टोकाला. मांडव, खुर्च्या, पाहुणे, हार, फोटोवाला, सगळा थाट शेवटच्या सरळ पट्ट्याशी. मी जीव खाऊन वळण काढायची, "घे!" म्हणून ओरडून बॅटन तिच्या हातात द्यायची आणि तिथंच धापा टाकत उभी राहायची. तिथून दिसायची तिची वेणी, आणि ऐकू यायच्या टाळ्या. मी चालत मांडवाशी पोचेपर्यंत फोटो काढून झालेला असायचा. पेपरात नावं चौघींची, फोटो तिचा. जिल्ह्यात पहिल्या आलो तेव्हा पिंपळीकरांनी ट्रॅक्टरवर बसवून तिची मिरवणूक काढली आणि आम्हा तिघींना मागच्या ट्रॉलीत उभं केलं. गुलाल सगळा पुढं उडाला, धूळ मागं.

बरं, ती खडूस असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण कसलं काय! डब्यातली उकडलेली अंडी आधी माझ्यापुढं करायची. तिला नवे स्पाइकचे बूट मिळाले, तर म्हणाली, तू घालून बघ. ते मला अगदी मापात बसले तेव्हा तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या द्यायला जागाच ठेवायची नाही मेली.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, एकदाही माझी शर्यत बघायला आले नव्हते. कधी उसाला पाण्याची पाळी असायची, कधी एखादं मेंढरू आजारी. वाडवडिलांचा कळप गेला तरी थोडी मेंढरं त्यांनी राखलीच होती. त्या वर्षी विभागीय स्पर्धा बारामतीतच आल्या, आणि नेमक्या बाजारच्या दिवशी. आबांनी निरोप धाडला, येतो. झालं, माझ्या डोक्यात एकच भुंगा लागला. आबा मांडवाशी उभे राहणार, आणि त्यांच्यासमोर फीत तोडणार कोण, तर पिंपळी. मी सरांकडं गेले आणि म्हणाले, ह्या वेळी मला शेवटी पळवा. सर म्हणाले, संघ काय तुझ्या घरचा आहे का? बरोबरच होतं त्यांचं. मी मान खाली घालून वळले, तर ती मागंच उभी.

"पळू द्या की सर तिला शेवटी," ती म्हणाली. "तिचे आबा येणार हायत. मी काढते वळण."

सरांनी जरा विचार केला आणि बरं म्हणाले. मी तिचे आभार वगैरे काही मानले नाहीत. मला नाकारलेली गोष्ट तिनं सहज मागितली, मिळवली आणि प्रसादासारखी माझ्या हातावर ठेवली. आणि मला ती हवीही होती. तो राग अजून जात नाही.

शर्यतीच्या दिवशी आबा पटका बांधून मांडवाच्या कडेला दोरी धरून उभे होते. मी सरळ पट्ट्याच्या तोंडाशी. आमची पहिली बरी पळाली, दुसरी, माळेगावची, मागं पडली. पिंपळीच्या हातात बॅटन आलं तेव्हा सगळं गेल्यात जमा होतं. वळण संपेस्तोवर तिनं सगळ्यांना मागं टाकलं. "घे!" ती ओरडली, हातात बॅटन पडलं, आणि माझ्यापुढं नुसती मोकळी जमीन. मागं कुणाच्या पायांची चाहूलसुद्धा नाही. माझी मावशी लुगडं सावरत पळाली असती तरी जिंकली असती.

फीत माझ्या छातीला लागली. टाळ्या झाल्या, हार पडला, फोटोवाल्यानं मला बॅटन उंच धरायला लावलं. ती तिकडं लांब एकटीच धापा टाकत उभी होती आणि खरं सांगते, ते बघून मला गार वाटलं.

आबा दोरीखालून वाकून आले. माझ्याकडं बघून हसले, हातात भेळेची पुडी दिली. मग मैदानाच्या टोकाकडं बोट केलं.

"ती वळणावरची पोरगी कुणाची गं?"

"पिंपळीची हाय."

"लय पळती," आबा म्हणाले. त्यांच्या तोंडून असं कौतुक मी कधी घोड्याचंही ऐकलं नव्हतं.

"आन् मी?"

आबांना खोटं बोलता यायचं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तू बी पळालीस की," ते म्हणाले, आणि पुन्हा तिकडंच बघायला लागले.