चौऱ्याहत्तर टक्के

आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. दवाखान्यात तिच्याजवळ कोणीतरी थांबायला हवं होतं. बाबा प्लांटमध्ये कामगारांची हजेरी ठेवायचे. त्यांनी एकही सुट्टी घेतली नाही. "दुरुस्तीचं शटडाउन चालू आहे, मले सोडणार नाहीत," एवढंच म्हणाले. मग मीच थांबले.

परीक्षेच्या आधी कॉलेजात हजेरीची यादी लागली. दोनशे तासांपैकी माझे एकशे अठ्ठेचाळीस भरले होते. पंचाहत्तर टक्के लागत होते. मी सरांना आईचे कागद दाखवले, पण त्यांनी ते न वाचताच परत केले.

घरी येऊन बाबांसमोर रडले. वाटलं, आता तरी ते माझ्यासोबत कॉलेजात येतील, दोन शब्द बोलतील. त्यांनी पेन घेतला आणि पेपरच्या कोपऱ्यात एकशे अठ्ठेचाळीसला शंभरनं गुणून दोनशेनं भागलं.

"चौऱ्याहत्तर. हिशोब तर बरोबर आहे. मी जाऊन काय सांगू त्याइले?"

"बाबा, ते बावन्न तास मी कुठं होती, तुमाले माहीत नाही का?"

"माहीत आहे. पण हजेरीत कारण धरत नाहीत."

ते वर्ष मी पुन्हा केलं, माझ्याहून लहान मुलींच्या बाकावर बसून. आपल्या आजारपणानं पोरीचं वर्ष गेलं, असं आईनं मनाला लावून घेतलं. शेवटपर्यंत ती माझी माफी मागत राहिली. बाबा शेजारीच बसलेले असायचे. त्यांनी तिला एकदाही थांबवलं नाही.