तहसील केळापुरातच असली पाहिजे

तर्कशास्त्रात एम.ए. झालेल्या माणसाला रस्ता विचारायची लाज वाटते. मला अजूनही वाटते, पण आता मी विचारते.

पांढरकवड्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवायची नोकरी मला लागत होती. लागली नव्हती, लागत होती. प्राचार्यांनी माझी कागदपत्रं पुन्हा पुन्हा चाळली आणि म्हणाले, "मॅडम, एक प्रतिज्ञापत्र राहिलं. तहसीलमधून करून आणा. पाचपर्यंत आलं तर ठीक, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला फोन करावा लागेल." तेव्हा तीन वाजले होते. पुढचा उमेदवार माझ्याच वर्गातला होता आणि परीक्षेत माझ्याच वहीवरून पास झाला होता.

तहसील कुठे, हे मी कुणाला विचारलं नाही. मी महागावची. आमच्या तालुक्याची तहसील महागावात, कळंबची कळंबात. तालुक्याला ज्या गावाचं नाव, तहसील त्या गावात. हा तालुका केळापूर, म्हणून तहसील केळापुरात. निगमनाचं हेच तर सुख आहे. दोन गोष्टी मानल्या की तिसरी आपोआप हाती येते, जाऊन बघायची गरज नाही.

फाटकाबाहेर आले तर समोरच्याच इमारतीवर पाटी, 'तहसील कार्यालय, केळापूर'. मला बरं वाटलं. पाटीसुद्धा माझ्याच बाजूनं बोलत होती. तिच्याच सावलीत उभी राहून मी ऑटोला हात केला.

केळापूर म्हटल्यावर ऑटोवाला म्हणाला, "बसा." मी म्हटलं, "माझं काम आजच व्हायला पाहिजे." तो म्हणाला, "होते ना. तिथून कोनी खाली हातानं नाही जात." इतकं चांगलं सरकारी कार्यालय मी कधी ऐकलं नव्हतं. त्यानं मला देवीच्या मंदिरापाशी उतरवलं आणि तो गेला.

मंदिर होतं, पेढ्यांची दुकानं होती, कापसाची शेतं होती. तहसील नव्हती. रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात एक पांढऱ्या दाढीचे चाचा स्कूटरची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबत बसले होते. मी विचारलं तर ते म्हणाले, "इथं नाही बेटा."

आता शहाण्या बाईनं मागे वळायला हवं होतं. मी त्यांना महागाव, कळंब, केळापूर असा सगळा युक्तिवाद पायरीपायरीनं समजावून सांगितला. त्यांनी तो मन लावून ऐकला.

"बरोबर हाये," ते म्हणाले.

"मग तहसील कुठे आहे?"

"पांढरकवड्याले."

"पण तुम्ही तर बरोबर म्हणालात."

"तुमचं बोलनं बरोबर हाये. तहसील नाही. किती गावं पाह्यले तुमी?"

"दोन," मी म्हटलं. त्यांनी ट्यूब पुन्हा पाण्यात दाबली, हे जास्त लागलं.

मी चिडले की माझी पुस्तकी मराठी गळून पडते. "चाचा, दोन गोष्टी मानल्या तं तिसरी मानाच लागते!"

"काहून?"

"तसा नियमच हाये."

"तो नियम काहून मानाचा?"

मी तोंड उघडलं. नियम खरा असेल तर निष्कर्ष खरा, नियम खरा आहे, म्हणून... आणि माझ्या लक्षात आलं की नियमाची बाजू मी नियमाच्याच तोंडून मांडते आहे. चाचांच्याही लक्षात आलं. त्यांनी हवेचा मीटर उचलून दाखवला. "हा बरोबर हाये का, हे यालेच विचारू का?"

पाच वर्षं मी हेच शिकले होते. मला रडूच आलं, थोडं नोकरीसाठी आणि थोडं त्या मीटरसाठी.

चाचांनी ट्यूब माझ्यापुढे केली. पाण्यात बुडबुडे येत होते. "बुडबुडे हायेत तं पंक्चर हाये. बुडबुडे हायेत. मंग मी काय करू? काहून म्हनत बसू? गिऱ्हाईक चाल्लं जाईन."

त्यांनी ठिगळ लावलं, हवा भरली आणि स्कूटरच्या मालकिणीला सांगितलं, "बाई, याइले तहसीलपाशी सोडून द्या." मालकीण पेढ्यांचा पुडा घेऊन आली होती. वाटेत तिनं दोन पेढे मला दिले आणि कुठला नवस केला होता ते विचारलं.

तिनं मला त्याच पाटीखाली उतरवलं. साडेचार वाजून गेले होते. अर्ज भरला. या वेळी मी चुकणार नव्हते. डोळ्यांनी बघून, खात्री करून, तालुक्याच्या रकान्यात ठळक अक्षरांत 'पांढरकवडा' लिहिलं.

लिपिकानं त्यावर काट मारली. "तालुका केळापूर लिहा."

"पण आपण पांढरकवड्यात बसलो आहोत."

"हो. तालुका केळापूर."

'काहून' अगदी ओठांपर्यंत आला होता. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. मी तो पेढ्यासारखा गिळला आणि मुकाट्यानं केळापूर लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी तर्कशास्त्र शिकवू लागले.