साडभाऊंची घरपट्टी

आमच्या साडभाऊंइतकं घरपट्टीतलं कळणारा आणि घरातलं काहीच न कळणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. गोंदिया शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी आयुष्य काढलं आणि त्या खोल्यांत बसून, ज्याने ज्याने म्हणून घर घेतलं त्याला मूर्ख ठरवलं. मीही त्यात आलोच. माझ्या गृहप्रवेशाला पाहुण्यांनी भिंतीवरची घड्याळं आणली, हे हात हलवत आले आणि चहा फुंकत म्हणाले, "आकारणीचा उतारा पाह्यला का? नाई? मंग घर काय पाहून घेतलं, रंग?" मी म्हटलं, भाऊजी, दरसाल बिल येईल ते भरीन. "म्हणजे कायचे भराचे हे माहीतच नाई," ते म्हणाले आणि बशी माझ्याच हातात देऊन वर छत बघू लागले.

छत बघणं ही त्यांची जुनी खोड. कोणाच्याही दारात पाऊल टाकलं की आधी मान वर. स्लॅब आहे, टिन आहे की कवेलू, म्हणजे मातीची कौलं, हे पाहिल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नसे. आमगावच्या एका लग्नात तर जेवणाच्या पंगतीत बसून त्यांनी नवरीच्या बापाला विचारलं, "वरचा मजला कधी चढवला? नोंद केली ना?" त्या बिचाऱ्याला वाटलं, वऱ्हाडात पंचायतीचा कोणी साहेब येऊन बसलाय. तो घाईघाईने जिलबी वाढत कानाशी वाकला, "साहेब, ते तात्पुरतं आहे, लग्न झालं की काढतो." साडभाऊंनी जिलबी खाल्ली आणि त्याला नोंद न केल्याचे तोटे ऐकवले. मयतीच्या घरीही तेच. लोक रडताहेत, हे मृताच्या मुलाला बाजूला घेऊन विचारणार, "घर कोणाच्या नावानं चढवणार? जुनी बाकी-बिकी तर नाई ना?" ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, शेवटी त्यांना मयतीला नेणंच सोडून दिलं.

ताईंची गोष्ट वेगळी होती. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. गावोगाव फिरल्या, दुसऱ्यांची बाळंतपणं केली आणि घरी येऊन घरमालकाची बोलणी खाल्ली. बुद्धाची तसबीर लावायला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागे, आणि मालक म्हणे, "दीवार खराब होगी, बहनजी." निवृत्त होताना त्या एवढंच म्हणाल्या, की मला आता माझी भिंत पाहिजे. शहरात परवडेना, म्हणून स्वस्तातलं गाव शोधायचं ठरलं. साडभाऊंनी ते काम स्वतःकडे घेतलं, आणि वाहन चालवायला मला.

मग दर रविवारी घर बघणं सुरू झालं. शहराबाहेरच्या एका लेआउटमध्ये दलाल छाती फुगवून म्हणाला, "गुरुजी, यहां टॅक्स नाम की चीज ही नहीं है." साडभाऊ गाडीतून उतरलेही नाहीत. "टॅक्स नाई म्हणजे नोंद नाई. नोंद नाई तर तुमचं घर आहे कुठं, आकाशात?" दलालाने मला विचारलं, "इनको घर लेना है या केस करना है?" तेव्हा मला तो दलालच शहाणा वाटला; पुढे त्या लेआउटचे लोक नोंदीसाठी कुठकुठे चकरा मारताहेत ते ऐकलं, तसं मत बदलावं लागलं. पण एका बरोबर उत्तरामुळे माणूस सुसह्य होत नाही. कोहमाऱ्याला एक प्रशस्त घर मिळत होतं, तर समोरच्या खोलीत कधीकाळी टायर पंक्चरचं दुकान होतं म्हणून ते फिस्कटलं. धंद्याच्या वापराला टॅक्स जास्त लागतो, आणि वापर बदलल्याची नोंद होईस्तोवर कोणी थांबायचं? सालेकस्याच्या पुढे, कचारगडच्या वाटेवर, सुरेख घर होतं. टॅक्स अगदी किरकोळ. मी मनात म्हटलं, सुटलो. साडभाऊ म्हणाले, "येवढा कमी? मोजणीत कायतरी गडबड आहे. उद्या वाढन." जास्त टॅक्स असला तर जास्त म्हणून नको, कमी असला तर कमी म्हणून नको. ताई मागे पदराने घाम पुसत उभ्या असायच्या आणि त्या प्रत्येक घराच्या भिंतीवरून हात फिरवून परत यायच्या.

असं करता करता बोदलकसा तलावाच्या अलीकडच्या एका गावात ते घर दिसलं. त्या दिवशी आम्ही तिघंही बसने गेलो होतो. कवेलूचं घर, पुढे पडवी, मागे विहीर. ताई पडवीत बसल्या त्या उठेचनात. साडभाऊ मात्र थेट ग्रामपंचायतीत. तिथल्या सचिवाला त्यांनी दुपारभर पिळला आणि परत येऊन आम्हाला धडा दिला: जागेचा सरकारी दर, बांधकाम कोणत्या प्रकारचं, घराचं वय किती आणि वापर राहण्याचा की धंद्याचा, यावरून कर ठरतो. घर जुनं तसा कर उतरतो. पाणी, दिवाबत्ती वेगळं. जुनी बाकी काही नाही, फेरफार होऊन घर नावावर चढेल. आम्ही श्वास सोडला. तेवढ्यात ते म्हणाले, "पण नाई घ्याचं. आज कवेलू आहे म्हणून टॅक्स कमी. उद्या आपण स्लॅब टाकू, मंग वाढन."

"मी नाही टाकणार स्लॅब," ताई म्हणाल्या.

"मंग गळन."

"गळू द्या. माझं गळन."

"काऊन हट्ट करून राहिली? विचार करू ना."

"तुम्ही विचार करा. मी घर घेऊन राहिली." ताईंनी तिथेच मालकाच्या हातात इसार ठेवला. तो त्यांचा स्वतःचा फंड होता, त्यामुळे साडभाऊंना बोलायला जागा नव्हती. परतीच्या बसमध्ये ते आमच्यापासून दोन सीट सोडून बसले आणि गोंदिया येईस्तोवर रस्त्यालगतच्या घरांची छतं बघत राहिले.

गावात राहायला गेल्यावर त्यांनी रुसवा धरला. पडवीत खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला तुच्छतेने न्याहाळायचे. "अडाण्यांचं गाव! बिल वाचतही नाई, घडी करून देवळीत ठेवतात," हे मला फोनवर ऐकवायचे. पुढे गावाची नवी आकारणी झाली. मोजणीला आलेल्या लोकांनी उन्हात आत जायचा कंटाळा केला आणि ताईंच्या टोलीतल्या, म्हणजे गावाच्या त्या वस्तीतल्या, बहुतेक कवेलूच्या घरांना स्लॅबचा कर लावून टाकला. मजुरीवर जगणारी माणसं. एकदम फुगलेलं बिल बघून हबकली. कोणी सरपंचाला शिव्या दिल्या, कोणी दागिना मोडायची भाषा केली. साडभाऊंचं स्वतःचं बिल अगदी बरोबर आलं होतं, कारण मोजणीवाल्यांना त्यांनी हाताला धरून घरात नेलं होतं.

शेजारची म्हातारी बिल घेऊन ताईंकडे रडत आली तेव्हा साडभाऊ खुर्चीवरून उठले. आधी तिला रागावले, "मुदतीत हरकत घ्याची राह्यते, रडाची नाई!" मग टोलीतल्या प्रत्येक घरात शिरले आणि मान वर करून छत बघून आले. हरकतींच्या दिवशी सगळ्यांना घेऊन ग्रामपंचायतीत उभे. मी नेमका तिथे होतो. सचिव वैतागून म्हणाला, "गुरुजी, तुमचं तर बरोबर लागलं. तुमाले काय तरास?"

"माझं बरोबर लागलं म्हणूनच मले बोलता येते. उठा. कागद ठेवा तिथंच. चला, वर पाहा."

आणि खरोखरच सरपंच, सचिव आणि निम्मं गाव टोलीतून माना वर करून फिरलं. कवेलूची घरं कवेलूची लागली. म्हातारीने साडभाऊंच्या पायाला हात लावला, तर हे पाय मागे घेत म्हणाले, "पुढच्या वेळेस बिल वाचत जा." इथे थांबले असते तर गावाने त्यांना डोक्यावर घेतलं असतं. पण हा माणूस थांबणारा नाही. त्यांनी त्याच दमात, समोरच्या खोलीत पिठाची चक्की चालवणाऱ्या बाईच्या घराकडे बोट दाखवलं, "अन् हे राहण्याचं कसं लागलं? चक्की म्हणजे धंदा!" तिचा कर वाढला. चक्कीवाली ताईंची एकुलती एक मैत्रीण. तिने दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दळण घ्यायचं बंद केलं आणि ताई दळणाचा डबा घेऊन शेजारच्या गावी जाऊ लागल्या. "सारं बरोबर करून ठेवलं तुम्ही," त्या एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "आता पोळ्या कायच्या करू?"

मागच्या हिवाळ्यात साडभाऊ चांगलेच आजारी पडले. महिनाभर अंथरूण. मी पाहायला गेलो तर खाटेशी चक्कीवाली बसलेली, पिठाचा डबा शेजारी. "उठा गुरुजी," ती म्हणत होती, "तुमी झोपले तं मले भांडाले कोन हाय?" ते हसले, पण हसू फार पुढे गेलं नाही.

बरे झाले, मात्र पहिल्यासारखे नाहीत. आता मी गेलो की ते तलावातल्या मासोळीचं बोलतात, पडवीवर चढवलेल्या वालाच्या वेलाचं बोलतात. परवा मीच विषय काढला. म्हटलं, भाऊजी, आमच्या इकडे नवी आकारणी निघाली म्हणतात, उतारा आणू का दाखवायला? मला वाटलं, आता मान वर होईल, डोळे बारीक होतील, माझी अक्कल निघेल.

"भरून टाका," ते वेलाकडे बघत म्हणाले. "किती दिवस राहाचं आहे आपल्याले."

ताई आत भांडी लावत होत्या, भांड्यांचा आवाज थांबला. मी बसची वेळ झाली म्हणून उठलो. बसला अजून बराच अवकाश होता.