सगळ्या तिकिटांवर माझी सही

तिकिटं पंचेचाळीस होती की सत्तेचाळीस, हे मला आता नक्की आठवत नाही. वार सोमवार होता असं मी सांगतो, पण त्यावरही फार विसंबू नका. मूर्खपणा मात्र माझाच होता, त्याबद्दल शंका नाही. चहा घ्या, सांगतो. हसायचं तर शेवटी हसा, मधेच हसलात तर माझा धीर सुटतो.

पस्तीस वर्षं कॉलेजात सिंचन शिकवलं. डॉक्टरेट आहे. तरी घरातून निघालो की गॅस बंद केला का ते पाहायला दोनदा परत येतो. असा मी. निवृत्तीनंतर माझी जुनी विद्यार्थिनी तबस्सुम घरी आली. तिनं बारामतीत छोटी कंपनी काढली होती. शेतातल्या ठिबकचे व्हॉल्व्ह मोबाईलवरून उघडायचे आणि बंद करायचे, असं काम. म्हणाली, "सर, आठवड्यातून तीन सकाळी या. शेतकऱ्यांना जे मेसेज जातात त्यातलं मराठी तेवढं तपासा."

तिथं शेतकऱ्याच्या प्रत्येक तक्रारीला 'तिकीट' म्हणत. एस.टी.चं नव्हे, नुसतं नाव. तिकिटावर तक्रार, शेतकऱ्याचं नाव आणि 'कोणाकडे' अशी एक ओळ. बाकी कंपन्यांत हे रंगीत पडद्यावर चालतं म्हणे. इथली पोरं काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करून करायची. एक आज्ञा दिली की सगळी तिकिटं एका लांबलचक पानावर उघडत. त्या पानात जे बदलाल ते जतन केलं की खरं झालं.

मला ते आवडलं. माऊस धरला की माझा हात थरथरतो. काळा पडदा मात्र मी तरुणपणी पाहिलेला. सचिन म्हणून माळेगावचा एक इंजिनिअर होता, त्यानं दोन दिवसांत शिकवलं. म्हणाला, "सर, तुमी तर आमच्यापेक्षा फास्ट हाय." हे वाक्य मला फार महागात पडलं.

सोमवारी तबस्सुम म्हणाली, "सर, सगळी तिकिटं एकदा नजरेखालून घाला."

घातली. आता सांगा, कॉलेजात फाईल नजरेखालून गेली की आपण काय करतो? सही करतो. फाईल कोणाच्या टेबलावर आली आणि कोणी पाहिली, हे कळायला नको? मी जागा शोधली. 'कोणाकडे' ही ओळ दिसली. म्हटलं, हीच. आणि एकेक सही कशाला करायची? सगळीकडची नावं एका फटक्यात बदलायची आज्ञा सचिननं शिकवली होतीच. दिली. जतन केलं. घरी जाऊन दोन घास जास्त जेवलो.

दुपारपासून फोन सुरू झाले.

पहिला इंदापूरकडच्या एका डाळिंबवाल्या आबांचा. "सर, नमस्कार. माझं काम तुमच्याकडं हाय म्हणं. वॉल आपोआप उघडतोय बघा. आन् बाग ताणावर हाय."

"हो हो, पाहिलंय मी," मी म्हणालो. "माफ करा, होईल. पोरं करतील. माफ करा."

"बरं," आबा म्हणाले.

ताण म्हणजे काय, हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलेलं. बहार धरायचा तर डाळिंबाचं पाणी आधी महिना-दीड महिना तोडतात. पानं गळली की मग पाणी द्यायचं, झाड फुलतं. मधेच पाणी शिरलं तर ताण तुटला, वर्षाचा बहार गेला. म्हणजे आबांचं काम एका दिवसात व्हायला हवं होतं. मला ते कळत होतं. पण ते सचिनकडे आहे, असं माझं ठाम मत.

मग दुसरा फोन, तिसरा, दहावा. नरसिंहपूरहून, सोमेश्वरनगरहून. मला वाटलं, आपली कीर्ती पसरली. मी सगळ्यांना "पाहिलंय" म्हणून सांगत सुटलो. आबा तर रोज सकाळी फोन करायचे. "सर, कसं काय हाय?" मी म्हणायचो, "चाललंय." एवढ्यावर फोन ठेवायचे.

बुधवारी ऑफिसात गेलो तर सगळे रिकामे. सचिन कीबोर्ड ब्रशनं साफ करत बसलेला.

"काम नाही का रे?"

"न्हाय सर. तुमची कृपा."

मला वाटलं, नम्र पोरगा आहे.

शुक्रवारी तबस्सुम चहा घेऊन माझ्या टेबलाशी आली. चेहरा उतरलेला.

"सर, आमच्याकडून काही चुकलं का?"

"नाही गं. का?"

"मग सगळी कामं एकट्यानं का घेतलीत? पोरं म्हणतात, सरांनी न बोलता कानफटात दिली."

"मी कुठं घेतली? मी फक्त पाहिल्याची सही केली."

"कुठं केलीत सही?"

"'कोणाकडे' लिहिलंय ना, तिथं."

तिनं कप खाली ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली. मग हळू म्हणाली, "सर, ती ओळ काम कोण करणार त्याची आहे. नाव बदललं की शेतकऱ्याला मेसेज जातो, नव्या माणसाच्या नंबरासकट."

"अगं, मग पाच दिवस मला कुणी विचारलं का नाही?"

सचिन मागून म्हणाला, "तुमाला कोण विचारणार? तुमी सर हाय."

मी गर्रकन मागं वळलो. "सचिन, आबांचा व्हॉल्व्ह?"

"तुमच्याकडंच हाय की."

सचिननं तिथल्या तिथं प्रोग्राममधली चूक शोधली. वीस मिनिटं लागली. पडद्यावर आबांचा व्हॉल्व्ह बंद दिसत होता, पण गेल्या चार दिवसांत तो किती वेळा उघडला ते कोण सांगणार? मी आबांना फोन लावला. काम झालं, म्हणालो. माफी मागितली. आबा म्हणाले, "बरं झालं. तुमी आता निवांत ऱ्हावा." ताण तुटला का, एवढं विचारायचं धाडस मला झालं नाही. सिंचनातला डॉक्टर, आणि माझ्यामुळे एका माणसाच्या बागेत पाणी शिरलं असेल तर? पुढं कित्येक वर्षं बायको डाळिंब सोलायला बसली की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचो.

मागच्या उन्हाळ्यात इंदापूरला एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारच्या माणसानं नाव सांगितलं, गाव सांगितलं. तेच आबा. पलीकडे त्यांच्या मंडळी. मीही माझी ओळख सांगितली. म्हटलं, आता विचारलं नाही तर हे वर जाऊनच कळायचं.

"आबा, त्या साली ताण तुटला का हो?"

"कशानं तुटतोय? तुमाला पयला फोन केला आन् लगेच पकडीनं वॉलची तार तोडली की मी, वॉल बंदच. बहार झ्याक आला."

"मग सांगितलं का नाही?"

"तार तोडली म्हटल्यावर वॉरंटी गेली म्हणला असता."

मी पाणी प्यालो. "मग रोज सकाळी फोन कशाला करत होता?"

आबा खाली बघून भात कालवू लागले. त्यांच्या मंडळी पुढं वाकल्या आणि म्हणाल्या, "मीच लावाया सांगायची. पयल्या दिशी ह्ये म्हणलं, सर फोनवर लई घाबरंघुबरं बोलत्यात, सारखी माफी मागत्यात. म्हटलं, म्हाताऱ्या माणसावर समद्यांची कामं टाकली असत्याली, रोज जरा इचारपूस करा."